पाटीच्या खाणीतील बुटकी इंजिने

शाळेच्या पाटीचा काळा-निळसर दगड मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याच जातीच्या दगडाने एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील असंख्य घरांची छपरे शाकारली गेली. आपल्याकडे मातीच्या कौलांना जे स्थान, तेच तिकडे या दगडाच्या पातळ फरश्यांना होते. त्याचा मोठा साठा वेल्सच्या वायव्य भागातील डोंगरांत होता, आणि तो बंदरापर्यंत आणण्याच्या गरजेतून रेल्वेच्या इतिहासातील एक आगळी जात जन्माला आली. खाणकामासाठी मुद्दाम बांधलेली ही नॅरोगेज वाफेची इंजिने माणसाच्या उंचीहून फारशी मोठी नव्हती.

हा दगड थरांचा असतो. छिन्नी योग्य जागी बसली की त्याचे पातळ पदर सुटतात. मात्र विक्रीयोग्य एक टन माल निघेपर्यंत दहा टन किंवा त्याहूनही अधिक दगड टाकाऊ निघत असे. खाणीतील वाहतूक म्हणून दुहेरी होती. चांगला दगड फोडणीच्या छपरीकडे न्यायचा आणि त्याच्या कितीतरी पट राडारोडा डोंगरकड्यावरून खाली लोटायचा. सुरुवातीला हे काम घोडे आणि माणसेच करीत. बेथेस्डाजवळच्या पेन्रिन खाणीपासून समुद्रापर्यंतचा रूळमार्ग १८०१ मध्ये सुरू झाला, तोही घोड्यांच्याच बळावर. १८३६ मध्ये सुरू झालेल्या फेस्टिनियॉग रेल्वेवर भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने बंदराकडे धावत आणि रिकाम्या वाघिणी घोडे परत ओढून नेत.

रुळांमधील अंतर जेमतेम दोन फूट ठेवण्यामागे साधा हिशेब होता. डोंगराच्या कडेने जाणारा मार्ग जितका अरुंद, तितका खोदकामाचा खर्च कमी आणि वळणे आखूड. वाघीणही माणसाला ढकलता येईल एवढीच राही. इतक्या अरुंद रुळांवर वाफेचे इंजिन उपयोगी पडेल का, याविषयी अभियंत्यांना शंका होती. फेस्टिनियॉगने १८६३ मध्ये वाफेची इंजिने आणली आणि ती शंका फिटली.

बंदराकडे जाणाऱ्या मार्गापेक्षा खाणीच्या आतले काम अधिक अवघड होते. लानबेरिसजवळची डिनॉर्विक खाण डोंगराच्या अंगावर कोरलेल्या अजस्र पायऱ्यांसारखी दिसे. एकेक पायरी साधारण साठ-सत्तर फूट उंच होती. प्रत्येक पायरीवर रूळ असत आणि दगड काढला जाऊन कडा मागे सरकला की रूळही उचलून मागे टाकावे लागत. असे रूळ पक्के कसे असणार? ते वाकडेतिकडे, हलके आणि वरखाली असत. पायऱ्यांना जोडणाऱ्या तीव्र उतारांवर लोखंडी दोराच्या एका टोकाला भरलेली वाघीण खाली येई आणि तिच्या वजनाने दुसऱ्या टोकाची रिकामी वाघीण वर जाई. इंजिनाचे काम होते ते पायरीच्या सपाटीवर. एकदा दोराने वर चढवलेले इंजिन मोठी दुरुस्ती निघेपर्यंत वरच राही.

या अडचणींवर पहिला तोडगा स्थानिक होता. कर्नारव्हन येथील डी विंटन कारखान्याने उभ्या बॉयलरची इंजिने बांधली. दांड्यांच्या चौकटीवर ठेवलेल्या एखाद्या बंबासारखे त्यांचे रूप होते. त्यांची रचना साधी आणि दुरुस्ती सोपी होती, पण ताकद बेताची. पुढे लीड्स शहरातील हन्सलेट कंपनीने आडव्या बॉयलरचे नमुने दिले आणि तेच खाणीत रुजले. डिनॉर्विकला त्यांचे पहिले इंजिन १८७० मध्ये आले, शेवटचे १९३२ मध्ये. मधल्या काळात या एका खाणीत हन्सलेटची वीसहून अधिक इंजिने दाखल झाली.

त्यांच्या रचनेतील प्रत्येक गोष्टीला कारण होते. चाके चारच असत आणि त्यांतील अंतर कमी, म्हणून आखूड वळणे घेता येत. चारही चाकांना वाफेची गती मिळे. त्यामुळे इंजिनाचे सहा-सात टनांचे सगळे वजन रुळांना घट्ट धरून ठेवण्याच्या कामी येई. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असे, त्यामुळे पाण्याचा भारही चाकांवरच पडे आणि बाजूची जागा मोकळी राही. चाकांचा व्यास सुमारे वीस इंच असल्याने वेग कमी, पण ओढ भरपूर. बहुतेक इंजिनांवर चालकासाठी छप्पर नव्हते. खाणीतील बोगदे ठेंगणे होते आणि कड्याच्या काठावर चारही बाजू दिसणे महत्त्वाचे होते. पावसाळी वेल्समध्ये त्याची किंमत चालक भिजून चुकवीत.

इंजिनांची नावे खाणीच्या मालकीची गोष्ट सांगतात. डिनॉर्विकच्या मालकांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. क्लॉइस्टर, जेरी एम आणि कव्हरटकोट ही त्यांच्या घोड्यांची नावे इंजिनांना मिळाली. या तीन घोड्यांनी अनुक्रमे १८९३, १९१२ आणि १९१३ मध्ये ग्रँड नॅशनल ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकली होती. पेन्रिनमध्ये लिंडा, ब्लँच, चार्ल्स अशी नावे होती. लॉर्ड पेन्रिन यांच्या घराण्याची संपत्ती मुळात जमैकातील गुलामांच्या श्रमावर चाललेल्या उसाच्या मळ्यांतून आली होती. त्याच खाणीत नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २,८०० कामगार काम सोडून बाहेर पडले आणि संघटनेच्या हक्कासाठीचा तो लढा तीन वर्षे चालला. या घरात फितूर नाही, असे सांगणारी पत्रके बेथेस्डातील खिडक्यांत झळकली. अखेर कामगार हरले. कामावर परतलेले आणि न परतलेले, अशी गावाची फाळणी पुढे अनेक वर्षे टिकली.

छपरांसाठी स्वस्त पर्याय आले, तसा दगडाचा धंदा उतरला. दरम्यान खाणीत मोटारट्रकांनी रुळांची जागा घेतली. डिनॉर्विकमधील ‘होली वॉर’ हे इंजिन १९६७ मध्ये थांबले आणि वेल्सच्या पाटीखाणीतील वाफेचे युग संपले. दोनच वर्षांनी ती खाणही बंद झाली. पेन्रिनमध्ये दगड आजही निघतो.

इंजिने मात्र भंगारात गेली नाहीत, ती त्यांच्या लहान आकारामुळे. अशी यंत्रे हौशी मंडळींना विकत घेता आली, ट्रकवर लादून नेता आली. लिंडा आणि ब्लँच फेस्टिनियॉगवर प्रवासी गाड्या ओढू लागल्या. डिनॉर्विकच्या जुन्या कार्यशाळेत १९७२ मध्ये राष्ट्रीय पाटी-संग्रहालय उघडले आणि शेजारच्या तलावाकाठी खाणीचीच इंजिने पर्यटकांना फिरवतात. २०२१ मध्ये युनेस्कोने हा सारा खाणप्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला.

माथेरानची गाडी किंवा ग्वाल्हेर संस्थानची जुनी रेल्वे पाहिलेल्यांना दोन फुटी रुळांचे हे मोजमाप ओळखीचे वाटेल. डोंगर आणि तुटपुंजा खर्च यांच्याशी जुळवून घेण्याची ती एकच युक्ती. फरक इतकाच की आपल्याकडील त्या गाड्या प्रवाशांसाठी आखल्या गेल्या, आणि वेल्सच्या पायऱ्यांवरील इंजिने दगडासाठी. आज त्यांच्या तकतकीत रंगाची छायाचित्रे घेतली जातात. मागे उभे असलेले राखाडी ढिगारे मात्र अजूनही हललेले नाहीत. घरांवर गेलेल्या प्रत्येक टनामागे उरलेले ते दहा टन आहेत.