चारमिनारच्या कमानीतलं अक्षर

परभणी जिल्ह्यात सेलू, पाथरी, गंगाखेडकडच्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा निजामी रुपया निघतो. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानचं चलन वेगळं होतं, हाली सिक्का. तो कधीचा, हे नाण्यावरच लिहिलेलं असतं.

आधी चारमिनार शोधा. १९०३च्या सुमारास तो रुपयावर आला. त्याआधीच्या नाण्यांवर नुसता फारसी मजकूर असे. मग मधल्या कमानीत पाहा, तिथे एकच अक्षर असतं. ‘मीम’, म्हणजे बारीक गाठ आणि शेपूट असेल तर नाणं निजाम महबूब अली खानांचं, १९११पर्यंतचं. ‘ऐन’, म्हणजे उघड्या तोंडाचा बाक असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खानांचं.

आता सन. चारमिनारच्या बाजूचे आकडे हिजरी सनाचे. मनोरे उभे धरूनच वाचा, कारण वर उघडलेला कोन म्हणजे सात, तोच उलटा झाला की आठ. शून्य नुसता ठिपका. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून सनाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवायचे. १३३७ असेल तर १९१८-१९. घरातल्या जुन्या कागदांवरचा फसली सन इथे लावू नका. त्यात ५९० मिळवतात, आणि रुपया नऊ वर्षांनी तरुण होतो!

मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव, फरखुंदा बुनियाद हैदराबाद, आणि राज्यारोहणापासूनचं वर्ष असतं. माझा भरवसा याच्यावर जास्त. उस्मान अली खान हिजरी १३२९मध्ये गादीवर आले. तेव्हा १३३७च्या नाण्यावर आठ किंवा नऊ हवा. तिसराच आकडा दिसला तर वाचण्यात चूक आहे, नाहीतर नाण्यात खोट. सोनाराने कडी डाखून सन झाकला असेल, तर हेच वर्ष उपयोगी पडतं.

शेवटी तराजू. चांगल्या काळातला हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. इंग्रजी कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी जवळपास ९२ टक्के. सात हाली म्हणजे सहा कलदार हा बाजारातला हिशेब चांदीच्या वजनाशीही जवळजवळ जुळतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र हालीतली चांदी निम्म्यावर आली. वजन तेच राहिलं, त्यामुळे त्या काळातला रुपया तराजूवर पकडता येत नाही. तिथे पुन्हा सनच पाहावा लागतो. आणि चिंच लावून घासू नका, आधी आकडेच झिजतात.