यंत्राचा दुभाषी

संगणकाला इंग्रजी येते आणि आपल्याला येत नाही, हा समज उराशी घेऊनच खेड्यातून आलेली मुले संगणक कक्षाच्या उंबरठ्यावर थबकतात. वस्तुतः संगणकाला इंग्रजीही येत नाही. तो केवळ अंकांत मांडलेल्या आज्ञा जाणतो. माणसाने लिहिलेली ओळ वाचून ती तत्काळ अमलात आणणारा जो दुभाषी मध्ये उभा असतो, त्यास इंटरप्रिटर म्हणतात. तो विद्यार्थ्यांना स्वतः घडविता येतो, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

१९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक येऊ लागले. त्यांवरील बेसिक भाषेचा, सोफी विल्सन यांनी लिहिलेला इंटरप्रिटर अवघ्या १६ किलोबाइटांत मावत असे. आज पायथनच्या साहाय्याने लहानसा इंटरप्रिटर काहीशे ओळींत उभा राहतो.

उदाहरण आम्ही घरचेच घेतो : ‘रक्कम = क्विंटल * भाव - हमाली’. खामगावच्या बाजारात कापूस नेणाऱ्या घरातील मुलास याचा अर्थ सांगावा लागत नाही. प्रथम ओळीतील शब्द, अंक व चिन्हे सुटी करावयाची. मग गुणाकार वजाबाकीच्या आधी होईल असा वृक्ष रचावयाचा आणि पानांकडून मुळाकडे हिशेब करीत यावयाचे. भावातूनच हमाली वजा झाली, तर प्रत्येक क्विंटलमागे ती कापली जाईल. ही चूक मुलांच्या चटकन ध्यानी येते.

खरी अडचण येते ती पहिल्याच पायरीवर. अक्षर ओळखण्याची पायथनमधील ‘इजअल्फा’ ही तयार सोय वापरली, की ‘भाव’मधील ‘भ’ अक्षर ठरतो आणि काना परका! ‘रक्कम’ हलन्तापाशी तुटते. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. इंग्रजी शब्दांवर धडे गिरविताना हा पेच पडतच नाही. तेव्हा ही चिन्हेही शब्दाचाच भाग मानावीत, असा नियम आपणच लिहावा लागतो. (‘४५’ हा देवनागरी आकडा मात्र पायथन विनातक्रार स्वीकारतो.)

त्यानंतर ‘प्रिंट’ऐवजी ‘दाखव’ हा शब्द ठेवण्यास एखादी ओळच बदलावी लागते. चुकांचे संदेशही मराठीतच असावेत, असा आमचा आग्रह आहे. ‘भाव अजून सांगितलेला नाही’ हे वाचून मूल घाबरत नाही. या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीनंतरचा एखादा आठवडा द्यावा. वृक्ष रचण्याच्या पायरीवर मुलांना सोबतीची गरज भासते.