आधी रुग्णवाहिका, मग नातेवाईक

वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक, तेथे रात्रपाळी करणाऱ्या सेविका आणि आईवडिलांना तेथे ठेवून पुण्यामुंबईस अथवा परदेशी राहणारी मुले, या तिघांच्याही तोंडून एक विधान इतक्या निःशंकपणे ऐकू येते की, ते कायद्याचेच कलम असावे असा कोणाचाही समज व्हावा : "नातेवाइकांचा होकार आल्याशिवाय आम्हांला पेशंटला हलवता येत नाही." हे विधान साफ खोटे आहे, आणि त्याच्यापायी वाया जाणारा वेळ कोणत्याही औषधाने भरून येत नसल्यामुळे ते खोटे असल्याचे पुनःपुन्हा सांगणे भाग आहे.

रहिवासी शुद्धीवर असेल, तर विचारावयाचे ते त्याला, त्याच्या मुलाला नव्हे. तो संमती देण्याच्या अवस्थेत नसेल आणि त्याच्या वतीने ती देणारा वेळेत हाती लागत नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, ही तरतूद जुन्या दंड संहितेच्या 92व्या कलमात होती व आज भारतीय न्याय संहितेच्या 30व्या कलमात कायम आहे. पोलिसी सोपस्कारांपायी उपचार लांबणीवर टाकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच बजावले. आणि समीरा कोहली खटल्यात 2008 साली संमतीचा दंडक घालून देताना त्याच न्यायालयाने प्राणरक्षणासाठी तातडीने करावयाचा उपचार त्यातून वगळला. एवढे स्पष्ट निर्णय हाताशी असताना नुसती रुग्णवाहिका बोलावण्यास परवानगी मागत बसावे, याला काय म्हणावे?

या परवानगीच्या साखळीत वेळेइतकीच माहितीचीही नासाडी होते. रात्री दोन वाजता सेविकेला दिसते की, आजींच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली आहे, हातातून पेला सुटला आहे आणि शब्द अडखळत आहेत, ती व्यवस्थापकाला कळवते, "आजींना बरं वाटत नाहीये", तो मुलाला सांगतो, "आईंना जरा अशक्तपणा आलाय", आणि मुलगा उत्तरतो, "सकाळी डॉक्टरांना दाखवा." तिघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही, तथापि ज्या पक्षाघातावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, त्याची मुदत सकाळ होईपर्यंत टळून गेलेली असते.

म्हणून निरोपाला ठरावीक साचा हवा : आत्ता काय दिसते, रुग्णाचे पूर्वीचे आजार व चालू औषधे कोणती, तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, आपल्याला काय वाटते आणि समोरच्याने काय करावे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेल्या अशाच पद्धतीचा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली केला. ज्यांना ही कागदी शिस्त वाटते, त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील 2014चा अभ्यास पाहावा : नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पाळी बदलताना साचेबद्ध निरोप देण्याची पद्धत सुरू केल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी घटले. रुग्ण मुले होती हे खरे, परंतु तोंडी निरोपातून तपशील गळण्याला रुग्णाच्या वयाची अट नसते.

निरोपात पत्ताही नेमका हवा, आणि सातारा जिल्ह्यातील खंडाळ्यासारख्या गावातील आश्रमांना तर त्याची विशेष खबरदारी घ्यावी लागते. रुग्णवाहिकेच्या पुण्यातील नियंत्रण कक्षात नुसते 'खंडाळा' कळवले, तर लोणावळ्याशेजारचे की खंबाटकी घाटापाशी असलेले, असा घोटाळा होण्यास पुरेपूर वाव आहे, कारण दोन्ही गावे पुण्याहून निघणाऱ्या हमरस्त्यांवर आणि घाटांच्या तोंडाशीच आहेत. जिल्हा, तालुका, महामार्गाची बाजू व जवळची खूण लिहिलेला कागद दूरध्वनीशेजारी भिंतीवर चिकटवलेला असावा.

आणखी काही गैरसमज थोडक्यात निकालात काढू.

"108 क्रमांकाची रुग्णवाहिका अपघातापुरतीच." – नाही, 2014 पासून महाराष्ट्रात चालणारी ही सेवा सर्व वैद्यकीय आणीबाणींसाठी असून विनामूल्य आहे.

"ताप नाही, म्हणजे जंतुसंसर्ग नाही." – वृद्धांत तापाविना संसर्ग होऊ शकतो, अचानक आलेले बावचळलेपण हेच कधीकधी त्याचे एकमेव लक्षण असते.

"बेशुद्धाला साखरपाणी पाजावे." – कदापि नाही, ते श्वासनलिकेत जाते. साखर शुद्धीवर असलेल्याला, गिळता येत असेल तरच द्यावी.

"अग्रिम वैद्यकीय निर्देश केला, म्हणजे कोणताच उपचार नको." – सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018च्या निकालानुसार हे आधीच लिहून ठेवलेले निर्देश बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेपुरते आहेत, पडून हाड मोडलेल्या आजोबांना ते लागू होत नाहीत.

ज्यांचे आईवडील आश्रमात आहेत, त्यांनी व्यवस्थापकाच्या दप्तरी आजच स्वाक्षरीनिशी एवढे लिहून द्यावे : "प्रकृतीचा तातडीचा प्रसंग आल्यास माझ्या होकाराची वाट पाहू नये, आधी 108 ला कळवावे, मग मला." कायद्याला या कागदाची गरज नाही, परंतु रात्री एकट्या असलेल्या सेविकेच्या मनातील भीती त्याने जाईल, आणि निर्णय जिच्या डोळ्यांसमोर रुग्ण आहे तिच्याच हाती राहील.