हजार किलोमीटरनंतर कळते ती गाडी

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उभी असलेली कोणतीही एसयूव्ही देखणीच दिसते. उंच बांधा, रुंद टायर, चामड्याची आसने आणि काचेचे छत पाहून घरातील लहानथोर हरखून जातात. मात्र ज्या खरेदीसाठी मध्यमवर्गीय कुटुंब पाच-सात वर्षांचे हप्ते स्वतःवर ओढवून घेते, तिचा निर्णय बहुतेक वेळा एकाच चालकाने, रिकाम्या गाडीत, दहा-पंधरा मिनिटांच्या फेरफटक्यात घेतलेला असतो. सहा-सात माणसे, त्यांचे सामान, घाट, रात्र आणि खड्डे यांची गाठ पडते ती नंतर. तोवर पैसे भरलेले असतात.

कुटुंबाच्या गाडीची खरी परीक्षा म्हणूनच लांबच्या प्रवासात होते. ही परीक्षा दोन वेळा घेता येते. खरेदीपूर्वी तेच मॉडेल दोन-तीन दिवस भाड्याने घेऊन गावी जाऊन यावे. त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य असतो. खरेदी झालीच असेल, तर पहिल्या काही महिन्यांत एक मोठा प्रवास करावा, म्हणजे जे दोष दिसतील ते वॉरंटीच्या मुदतीत लेखी नोंदवता येतात. प्रवासात नेमके काय पाहायचे, हे मात्र आधी ठरवलेले हवे. नाहीतर 'गाडी मस्त आहे' एवढाच निष्कर्ष हाती लागतो.

नाव एक, बांधणी वेगळी

महाराष्ट्रात मोठ्या कुटुंबाची गाडी म्हणजे एकेकाळी १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो. पुढे २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली, २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये क्वालिसची जागा घेणारी इनोव्हा आली. या चारही गाड्यांची बांधणी ट्रकसारखी होती. खाली पोलादी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी. अलीकडच्या अनेक गाड्यांत असा वेगळा सांगाडा नसतो. संपूर्ण बॉडीच भार पेलते. २०२१ मध्ये आलेली एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ च्या अखेरीस सादर झालेली इनोव्हा हायक्रॉस या दुसऱ्या जातीच्या. २०२२ मध्येच आलेल्या स्कॉर्पिओ-एनने मात्र सांगाडा कायम ठेवला.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. सांगाड्यावरील गाडी खराब रस्त्याचा मार दीर्घकाळ सोसते, पण तिचे वजन जास्त, तळ उंच आणि वळणावरचा झोल अधिक. एकसंध बॉडीची गाडी महामार्गावर स्थिर वाटते आणि आत बसायलाही सोपी असते. दोन्ही गाड्यांना जाहिरातीत 'एसयूव्ही' असेच म्हटले जाते. कोणती आपल्या कामाची, याचा उलगडा रस्त्यावरच होतो.

करविषयक व्याख्येचेही असेच आहे. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने अधिक उपकरासाठी मोठ्या वाहनाचे जे निकष स्पष्ट केले, त्यांत लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर असे म्हटले होते. ही उंची मोजायची होती ती रिकाम्या गाडीची. कुटुंब मात्र भरलेल्या गाडीतून प्रवास करते, आणि भार पडला की गाडी खाली बसते. गावातील एखाद्या उंच गतिरोधकावर सात माणसांसह गाडीचा तळ घासतो की नाही, हे माहितीपत्रकात सापडत नाही.

मार्ग निवडताना

परीक्षेचा मार्ग एकसुरी नसावा. मुंबईकरांसाठी मुंबई-मालवण आणि परतताना सावंतवाडी, आंबोली, आजरामार्गे कोल्हापूर, तेथून पुणे आणि द्रुतगती मार्गाने मुंबई, हा सुमारे एक हजार किलोमीटरचा फेरा उत्तम ठरावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यामुळे गुळगुळीत काँक्रीट आणि उखडलेले वळणरस्ते या दोहोंची सवय या मार्गाने प्रवाशांना लावली. परतीच्या वाटेवर आंबोलीचा चढ, कोल्हापूर-पुणे महामार्गाचा सलग वेग आणि शेवटी खंडाळ्याच्या घाटाचा उतार असतो. एकाच फेऱ्यात चार प्रकारचे रस्ते मिळतात.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना समृद्धी महामार्ग आहेच. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मात्र केवळ समृद्धीवरून गाडी पारखू नये. सरळ रस्त्यावर बहुतेक सर्वच गाड्या चांगल्या वाटतात.

तिसरी रांग आणि डिकी

परीक्षेचा पहिला विषय माणसांचा. चालकाचे आसन सर्वांत आरामदायी असते आणि खरेदीचा निर्णयही तोच घेतो, ही मूळ विसंगती आहे. म्हणून प्रवासात दर दोन तासांनी जागा बदलाव्यात. घरातील कर्त्या माणसाने किमान एक टप्पा तिसऱ्या रांगेत बसून काढावा. तिथे उंची पुरते का, यापेक्षा गुडघे कुठे येतात हे महत्त्वाचे. तळ उंच असला की आसन जमिनीला चिकटल्यासारखे होते आणि गुडघे छातीकडे येतात. मांड्यांना आधार मिळत नाही. तासाभरात कंबर बोलू लागते. मागील चाकांच्या जवळ बसल्याने खड्ड्यांचा दणकाही तिथेच अधिक जाणवतो. वातानुकूलनाचा झोत मागेपर्यंत पोहोचतो का, तेही भर दुपारी, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतच तपासावे.

आजी-आजोबांची कसोटी वेगळी. गाडीत पाय ठेवायची पायरी किती उंच, हाताला धरायला दांडी आहे का, आणि दिवसभरात आठ-दहा वेळा चढउतार केल्यावर त्यांचे गुडघे काय म्हणतात, हे त्यांनाच विचारावे. मुलांच्या बाबतीत प्रश्न गाडी लागण्याचा. हेलकावे संथ आणि मोठे असले की मळमळ अधिक होते; मऊ सस्पेन्शनची उंच गाडी घाटात नेमके हेच करते. त्यात मागच्या खिडक्या लहान असतील आणि बाहेरचे क्षितिज दिसत नसेल, तर त्रास वाढतो. शोरूमच्या फेरफटक्यात कुणालाही गाडी लागत नाही.

आता सामान. तिसरी रांग उघडी ठेवल्यावर डिकीत काय मावते, हे बहुतेकांना निघण्याच्या दिवशी पहाटे कळते. सात माणसे आणि सातांच्या बॅगा असा योग फार थोड्या गाड्यांत जुळतो. शिवाय जागेइतकाच वजनाचाही हिशेब आहे. सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो; प्रत्येकी १५ किलो सामान धरले तर आणखी १०५. एकूण ५६० किलो. गाडीचे कमाल मान्य वजन आणि रिकामे वजन यांतील फरक कंपनीच्या पुस्तिकेवरून काढावा आणि या आकड्याशी ताडून पाहावा. टपावर कॅरियर लावून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक झुकते आणि वाऱ्याचा विरोध वाढून इंधनही अधिक जाते.

घाट चढताना, उतरताना

भरलेली गाडी आंबोलीसारख्या घाटात इंजिनाचे खरे रूप दाखवते. एखाद्या वळणावर समोरच्या एसटीमुळे वेग पार मंदावला आणि पुन्हा उचल घ्यायची वेळ आली, तर गाडी लगेच प्रतिसाद देते की क्षणभर अडखळते, हे पाहावे. टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर अशी ढिलाई जाणवते. ऑटोमॅटिक गाडी चढावर सतत गिअर बदलत राहते का, हाताने गिअर निवडण्याची सोय आहे का, याचीही नोंद घ्यावी.

खरी परीक्षा उताराची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच लागू आहे. इंजिनाच्या ओढीने वेग आवरला जातो आणि ब्रेक गार राहतात. सतत पाय दाबून उतरल्यास ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि दाब देऊनही पकड कमी होते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवण्याचा मोह तर जिवावर बेतू शकतो. योग्य गिअरमध्ये उतरूनही ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा वास येत असेल, तर तो दोष समजून दाखवावा.

वेगाचे गणित

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. एवढ्या वेगाचे दोन परिणाम ध्यानात घ्यावेत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ८० वरून १२० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. एसयूव्हीचा समोरचा भाग उंच आणि रुंद असल्याने तिला याची झळ अधिक बसते. गाडी थांबवण्यासाठी ब्रेकना जी गतिज ऊर्जा पचवावी लागते, तीही याच हिशेबाने वाढते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ४२ मीटर तेवढ्यातच संपतात.

या वेगात टायर हा सर्वांत दुर्लक्षित दुवा ठरतो. भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा असतो आणि तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. हवा निघण्यापूर्वी, टायर गार असताना भरावी. कमी हवेचा टायर वेगात अधिक दबतो, तापतो आणि फुटतो. स्टेपनीतही हवा आहे ना, आणि ती इतर चाकांच्याच मापाची आहे का, हे पाहून ठेवावे; अनेक गाड्यांत ती लहान मापाची आणि मर्यादित वेगासाठीच असते.

महामार्गावर आणखी तीन गोष्टी टिपाव्यात. मोठा ट्रक ओलांडताना गाडी वाऱ्याने किती हलते; काँक्रीटवर टायरचा आवाज एवढा होतो का, की मागच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते; आणि रात्री दिव्याचा झोत वळणावर आणि पावसात पुरेसा पडतो का. चार तासांनंतर चालक किती थकला, याचे उत्तर या तीन गोष्टींतच बरेचसे दडलेले असते.

अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

कंपनी जो आकडा सांगते तो प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थांत गाडी रोलरवर चालवून तो काढला जातो. ज्या भारतीय चाचणीचक्रावर हे आकडे वर्षानुवर्षे निघाले, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि चाचणी सुमारे २० मिनिटांत संपते. सात माणसे आणि घाट त्यात नसतात. डॅशबोर्डवरील आकड्यावरही सर्वस्वी विसंबू नये.

खात्रीची पद्धत जुनीच आहे. निघताना टाकी फुल्ल करावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी पुन्हा त्याच रीतीने, पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरावी आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागावेत. समजा ५२० किलोमीटरला ४० लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १३. कोकणातील टप्पा, घाटाचा टप्पा आणि द्रुतगती मार्ग यांचा हिशेब वेगवेगळा ठेवल्यास कोणत्या वापरात गाडी किती खाते, हे स्पष्ट होते.

डिझेल घ्यावे की पेट्रोल, हा प्रश्नही येथेच सुटतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगात धावावी लागते. वर्षातून दोनदा गावी आणि एरवी रोज चार किलोमीटर शाळा-बाजार, असा वापर असेल, तर डिझेल गाडी दुखणे ठरू शकते.

पट्टा सर्वांना

गाडी धडकेत किती सुरक्षित, हे प्रवासात कळत नाही आणि कळूही नये. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'चे तारांकन पाहावे. प्रौढ आणि मुले यांचे गुण त्यात स्वतंत्र दिलेले असतात. पण पट्टा लावला जातो की नाही, हे प्रवासातच कळते. मागच्या आसनाचे बक्कल फटीत रुतते का, तिसऱ्या रांगेतील पट्टा मानेवर घासतो का, लहान मुलाचे आसन घट्ट बसते का, हे पाहावे. गैरसोयीचा पट्टा कुणी लावत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागील आसनावरील दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन न वापरता नेणेही दंडनीय आहे.

परतल्यावर

घरी पोहोचल्यावर गाडी धुवायला देण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारावी. टायरची झीज एका कडेलाच अधिक आहे का, उभ्या गाडीखाली तेलाचा डाग पडतो का, ऑइलची पातळी किती उतरली, हे पाहावे. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, आणि ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग तपासून घ्यावे. दाराचा खडखडाट, खड्ड्यातील ठोका, असे जे ऐकू आले ते कोणत्या वेगाला आणि कोणत्या रस्त्यावर, हे लिहून सर्व्हिस सेंटरला द्यावे. 'आवाज येतो' एवढ्या तक्रारीची तड लागत नाही.

त्यानंतर घरातील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, याच गाडीतून, याच जागेवर बसून पुन्हा उद्या निघशील का? आणि स्वतःला दुसरा प्रश्न, वर्षाच्या ३६५ दिवसांत ही सातही आसने किती दिवस भरतात? उत्तर पाच-सहा दिवस असेल, तर लहान गाडी घेऊन त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे. उत्तर दर महिन्याला असेल, तर मोठी गाडी अवश्य घ्यावी. फक्त तिच्याविषयीचा अंतिम शब्द चालकाने नव्हे, तिसऱ्या रांगेतून उतरलेल्या माणसाने द्यावा.