शाळेची दारं कुणासाठी, कधी उघडली?

१८८२ : ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांचं निवेदन. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो, हा आक्षेप. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी.

१९१७ : कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. (गोपाळ कृष्ण गोखले यांचं याच धर्तीचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळाने त्याआधीच फेटाळलं होतं.)

१९१९ : कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था, कराडजवळच्या काले गावी.

२०१० : १ एप्रिलपासून शिक्षणहक्क कायदा लागू, वयोगट ६ ते १४. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना.

साक्षरता, १९६१ ते २०११ (देश) : अनुसूचित जाती १०.२७ वरून ६६.०७ टक्के; अनुसूचित जमाती ८.५३ वरून ५८.९६ टक्के.

उच्चशिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वर्षांच्या लोकसंख्येशी प्रवेश घेतलेल्यांचं प्रमाण), २०२१-२२ : सर्व २८.४, अनुसूचित जाती २५.९, अनुसूचित जमाती २१.२ टक्के.

महत्त्वाचा फरक : शिकणारे वाढणं वेगळं, सामाजिक वर्गांमधलं अंतर घटणं वेगळं. आयर्लंडच्या आकडेवारीवरून समाजशास्त्रज्ञ रॅफ्टरी आणि हाउट यांनी १९९३मध्ये मांडलं : एखाद्या टप्प्यावर वरच्या वर्गातली जवळपास सगळी मुलं पोचेपर्यंत, केवळ जागा वाढल्याने तिथली सापेक्ष विषमता हटत नाही. पुढे सॅम्युअल लुकास यांनी (२००१) भर घातली : टप्पा सर्वांना खुला झाला, की चढाओढ शिक्षणाच्या दर्जावर सरकते.