सर्व्हर फुकट, पण रात्री जागणार कोण?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत माझं मराठी लिखाण म्हणजे आजीला पाठवलेली दिवाळीची पत्रं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर संपादकांना धरा, मला नको.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत लॅबमधल्या सर्व्हरची डिस्क गेली, ते हॉस्टेलवाल्यांना आठवत असेलच. फायनल इयरच्या अकरा ग्रुप्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट त्यावर होते आणि सबमिशनला नऊ दिवस उरले होते. माझी रूममेट त्यातल्याच एका ग्रुपमध्ये. रात्री दोन वाजता ती कॉरिडॉरमध्ये बसून मोबाईलमधल्या फोटोंवरून सर्किटच्या आकृत्या परत काढत होती. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर फुकटातलं होतं आणि तोवर चांगलं चाललं होतं. ज्या दादाने ते बसवलं तो केव्हाच पास होऊन नोकरीला लागला. त्याला फोन केला तर बिचारा म्हणाला, "अगं, बॅकअपची स्क्रिप्ट आहे ना, रोज चालते." स्क्रिप्ट खरंच रोज चालत होती. ती सगळ्या फाइल्सची कॉपी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवत होती! दुसरी डिस्क येईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती, आणि दुसरी डिस्क कोटेशनच्या कागदावरच राहिली.

त्यानंतर सरांनी मला बोलावलं. "आता फुकटचं नको. विकतचं घेऊ, म्हणजे कटकट नाही. तू जरा बघून सांग." मी बघायला बसले आणि त्यात सेमिस्टर गेलं.

कोलॅबोरेशन सर्व्हर हे नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी आहे. मेल, सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, पत्त्यांची वही, फाइल्स ठेवायची जागा आणि चॅट, हे सगळं एका छताखाली. एचओडींनी मीटिंग टाकली की ती सगळ्यांच्या कॅलेंडरवर दिसावी, एकच रिपोर्ट चौघांना उघडता यावा, एवढंच त्याचं काम.

आता "फ्री" म्हणजे काय? इंग्रजीत या एका शब्दाने फार घोळ घातला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, तेव्हापासून ती मंडळी समजावून सांगत आहेत, की फ्री म्हणजे बिनपैशाचं नव्हे. मराठीत मात्र आपल्याकडे दोन शब्द तयारच आहेत, फुकट आणि मुक्त. (कॉन्व्हेंटच्या मुलीला हे विसाव्या वर्षी कळलं, असो.) फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे कोड बघता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. काही सॉफ्टवेअर फुकट असतं पण मुक्त नसतं. स्लॅक हे चॅटचं सॉफ्टवेअर फुकटात वापरता येतं, पण २०२२ पासून त्याच्या फुकट प्लॅनमध्ये फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. आपलंच बोलणं, पण जुनं वाचायला पैसे!

आणि मुक्त म्हटलेल्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा मेख असू शकते. झिंब्राचं उदाहरण घ्या. मेल आणि कॅलेंडरचं हे एक गाजलेलं सॉफ्टवेअर. पोटात पोस्टफिक्स, ओपनएलडॅप, स्पॅमअसॅसिन असे सगळे मुक्त भाग. त्याच्या दोन आवृत्त्या असत, एक ओपन सोर्स आणि एक पैसे देऊन घ्यायची नेटवर्क एडिशन. फरक कशात? बॅकअप-रिस्टोअरची तयार सोय, मोबाईलशी सिंक, आउटलुकची जोडणी, या गोष्टी पैशाच्या बाजूला. म्हणजे घर फुकट, कुलूप विकत. फुकट आवृत्तीवर बॅकअप घेता येत नव्हता असं नाही, पण त्याची जुळणी तुमची तुम्ही करायची.

झिंब्राचे मालकही बदलत गेले. २००७ साली याहू, २०१० साली व्हीएमवेअर, २०१३ साली टेलिजेंट, २०१५ साली सिनाकॉर. २०२० मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने ओपन सोर्सची तयार इन्स्टॉल करायची फाइल देणं बंद केलं. कोड आहे, तुम्ही बांधून घ्या. जुन्या ८.८.१५ चा सपोर्ट २०२३ अखेर संपला. कोड मुक्त असल्यामुळे इतरांनी तो बांधून द्यायला सुरुवात केली, हे मुक्त असण्याचं खरं बळ. पण इन्स्टॉल करून झोपी गेलेल्यांना जाग यायला उशीर झाला असणार.

मग विकतचं निर्धास्त का? तेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये मार्च २०२१ मध्ये अशा त्रुटी सापडल्या, की पॅच लावेपर्यंत जगभरात हजारो सर्व्हर फोडले गेले. २०२२ मध्ये झिंब्रावरही तसेच हल्ले झाले. एक विकतचं, एक मुक्त, आणि दोन्हीकडे ज्यांनी पॅच लगेच लावला नाही ते जास्त अडकले. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढचं सबस्क्रिप्शनवर. दुसऱ्याच्या क्लाऊडवर गेलं तरी नियम त्यांचे. गुगलने शाळा-कॉलेजांना आधी अमर्याद जागा दिली होती. २०२१ मध्ये जाहीर करून २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आली. चार हजार विद्यार्थी धरले तर माणशी २५ जीबी, स्टाफचं वेगळं राहिलंच.

आता पैशाचं गणित. समजा एखादी कंपनी माणशी महिना १५० रुपये मागते. ३०० जणांच्या स्टाफचे महिन्याला ४५ हजार, वर्षाचे ५ लाख ४० हजार. हा आकडा बघून कुणीही म्हणेल, फुकटचंच बरं. पण फुकटच्या सर्व्हरला पॅच लावायला, डिस्क बघायला, रिस्टोअर करून बघायला माणूस लागतो, आणि ४५ हजारांत त्या माणसाचा पगार होतो. आपल्याकडे आत्तापर्यंत हा पगार शून्य होता, कारण तो माणूस म्हणजे एखादा थर्ड इयरचा विद्यार्थी. तो चार वर्षांत जातो, सर्व्हर राहतो. माझ्या मते आपली खरी चूक इथे झाली, सॉफ्टवेअर निवडण्यात नाही.

सरांना दिलेल्या रिपोर्टमध्ये मी म्हणून अर्धं-अर्धं सुचवलं. मेल विकतचीच घ्यावी. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं म्हणजे एसपीएफ, डीकिम, डीमार्क या नोंदी सांभाळत बसणं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. एक नोंद चुकली आणि प्लेसमेंट सेलचं मेल कंपनीच्या स्पॅममध्ये गेलं, तर ते कळणारसुद्धा नाही. तो धोका माझ्याच्याने घेववत नाही.

फाइल्स, कॅलेंडर आणि चॅट मात्र आपल्याच मशीनवर, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये. मी नेक्स्टक्लाऊड सुचवलं आहे. २०१६ मध्ये ओनक्लाऊडचे संस्थापक फ्रँक कार्लिचेक आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि तोच कोड घेऊन त्यांनी हे उभं केलं. कोड मुक्त होता म्हणूनच हे जमलं. शिवाय फाइल्स साध्या फाइल्स म्हणूनच डिस्कवर राहतात आणि कॅलेंडर कॅलडॅव्ह या खुल्या पद्धतीने बाहेर काढता येतं. उद्या कुणाला विकतचं घ्यावंसं वाटलं तर सामान उचलून निघता येईल.

सरांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "आणि तू गेल्यावर?" मी म्हटलं, म्हणूनच तर पहिल्या पानावर लिहिलंय, लॅबच्या काकांना महिन्याचा भत्ता आणि सर्व्हरचं ट्रेनिंग. काका वीस वर्षं इथेच आहेत. भत्त्याचा कागद सध्या ऑफिसात आहे. दुसरी डिस्क मात्र आली, आणि बॅकअपची एक कॉपी आता लायब्ररीच्या इमारतीत असते.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही मुद्दाम एक फोल्डर उडवून ते बॅकअपमधून परत आणणार आहोत. काका करणार, मी फक्त बघणार. सेकंड इयरमधले दोघं-तिघं हवे आहेत. येताना वही आणा, पासवर्ड सोडून सगळं लिहून घ्यायचं आहे.