श्वानाचा स्वभाव : जात, संस्कार आणि वऱ्हाडातील सहजीवन
(अचलपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना :

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच' ही म्हण मराठी भाषकांच्या बोलण्यात रूढ आहे. जन्मजात स्वभाव कोणत्याही उपायाने बदलत नाही, असा तिचा आशय. शेपटापुरती ही म्हण खरी आहे, कारण शेपटाचा आकार आनुवंशिक असतो. मात्र कुत्र्याच्या वर्तनालाही तोच नियम लावला जातो आणि येथेच गैरसमजाची सुरुवात होते. अलीकडच्या काळात अचलपूर-परतवाडा यांसारख्या जुळ्या शहरांतही लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग, रॉटवायलर अशा जातींची पिल्ले हौसेने आणली जातात. पिल्लू आणताना त्याची जात कसोशीने पाहिली जाते, त्याला वाढवायचे कसे याचा विचार मात्र अभावानेच होतो. 'जात चांगली असली म्हणजे कुत्रा चांगला निघतो' हा समज म्हणजे वरील म्हणीचेच दुसरे रूप होय. कुत्र्याच्या स्वभावात जातीचा वाटा किती, संगोपनाचा किती आणि वऱ्हाडच्या हवामानात व मेळघाटच्या सान्निध्यात या प्रश्नाला कोणते महत्त्व आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सहजीवनाची परंपरा :

कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी होय. करड्या लांडग्याच्या पूर्वजांपासून तो किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी विलग झाला, असे पुरातत्त्वीय व जनुकीय पुराव्यांवरून मानले जाते. शेती, गाय, बैल हे सारे त्यानंतरचे. महाराष्ट्राच्या धर्मजीवनातही त्याला स्थान आहे. दत्तमूर्तीच्या पायाशी असलेली चार कुत्री ही चार वेदांची प्रतीके मानली जातात, खंडोबासोबत कुत्रा असतो आणि महाभारतातील युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजा वऱ्हाडातच असल्याने दत्तसंप्रदायाची ही प्रतिमा येथे घरोघरी परिचित आहे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो, असा प्रसंग आहे. माणसासोबत शिकार करणारा कुत्रा तेराव्या शतकातील महाराष्ट्रात किती परिचित होता, हे त्यावरून कळते.

वऱ्हाडच्या कृषिजीवनात कुत्र्याचे खरे स्थान वावरात आहे. पीक हाताशी आले की रोही आणि रानडुक्कर यांच्यापासून राखण करण्यासाठी शेतकरी रात्री जागलीला जातो. त्याच्यासोबत जाणारा कुत्रा गावठीच असतो. संत्र्याच्या बागेत, गोठ्याजवळ, मेंढपाळाच्या कळपामागे तोच दिसतो. त्याला कोणी विकत घेतलेले नसते आणि त्याचे नावही अनेकदा त्याच्या रंगावरून पडलेले असते.

जात म्हणजे काय? :

आज ज्यांना 'शुद्ध जाती' म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेक गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत निश्चित झाल्या आहेत. लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि वंशावळीची नोंद ठेवून प्रजनन करण्याची पद्धत त्यानंतर दृढ झाली. मुळात जाती कामावरून घडल्या. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना मदत करणाऱ्या कुत्र्यांपासून लॅब्राडोर आला, म्हणून त्याला पाण्याची व वस्तू तोंडात धरून आणण्याची ओढ असते. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून १८९९ पासून जाणीवपूर्वक घडवला गेला. डॅशहुंडचे आखूड पाय बिळात शिरण्यासाठी आहेत.

भारतीय जातीही अशाच कामातून निर्माण झाल्या. लातूर-सोलापूर भागातील कारवानी व पश्मी आणि कर्नाटकातील मुधोळ ही सडपातळ, लांब पायांची, नजरेने सावज हेरून धावणारी कुत्री होत. मुधोळ जातीच्या संवर्धनाचे श्रेय मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांना दिले जाते. २००५ मध्ये भारतीय डाक विभागाने चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. पुढे मेरठ येथील लष्करी केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षणही देण्यात आले.

गावठी कुत्रा या अर्थाने 'जात' नाही. त्याची निवड कोणा प्रजनकाने केलेली नसून ऊन, रोग, भूक आणि माणसांच्या वस्तीने केली आहे. म्हणून तो कमी बुद्धीचा ठरत नाही. कोलकाता येथील 'आयसर' संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांवर केलेल्या संशोधनात (२०२०) असे आढळले, की कोणतेही प्रशिक्षण नसलेली ही कुत्री अनोळखी माणसाने हाताने दाखवलेली दिशा समजू शकतात. त्यापूर्वीच्या एका अभ्यासात (२०१७) अन्न देण्यापेक्षा मायेने कुरवाळल्याने या कुत्र्यांचा विश्वास अधिक दृढ होतो, असे दिसून आले होते.

जातीचा स्वभावावरील प्रभाव मोजण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय नमुने तपासण्यात आले. कुत्र्या-कुत्र्यांतील वर्तनाच्या फरकापैकी केवळ सुमारे ९ टक्के फरक जातीने स्पष्ट होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. माणसाचे सांगणे ऐकण्याची प्रवृत्ती जातीशी तुलनेने अधिक निगडित आढळली, तर चिडखोरपणा अथवा आक्रमकता यांबाबत जातीवरून अंदाज बांधणे फारसे शक्य नाही, असे दिसले. याचा अर्थ आनुवंशिकता निरर्थक आहे असा नाही. एकाच जातीतील दोन कुत्र्यांतही मोठा फरक असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. आकार, केस, वेग, उष्णता सोसण्याची क्षमता या गोष्टी जात बऱ्याच अंशी सांगते. पाहुण्यावर कुत्रा धावून जाईल की नाही, हे ती खात्रीने सांगू शकत नाही.

वऱ्हाडचे हवामान आणि निवड :

जातीचा विचार जेथे अपरिहार्य आहे, ते क्षेत्र म्हणजे हवामान. एप्रिल-मे महिन्यांत अकोला व अमरावती जिल्ह्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. घर्मग्रंथींचे कार्य प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांपुरते असते, त्यामुळे जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच शरीर थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य मार्ग होय. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत श्वासमार्गच आखूड झालेला असल्याने हा मार्ग अपुरा पडतो. सायबेरियन हस्की व सेंट बर्नार्ड यांचे दाट केस थंड प्रदेशासाठी आहेत. तरीही निवड अनेकदा पडद्यावरून होते. १९९४ मधील 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफीमुळे पांढऱ्या स्पिट्झला आणि २००३ मधील 'हच' कंपनीच्या जाहिरातीमुळे पगला लोकप्रियता मिळाली. जाहिरात काही दिवसांनी थांबते, परंतु प्राणी दहा-बारा वर्षे जगतो.

उन्हाळ्यात फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा असावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवेही पोळतात. टिनाच्या छपराखाली कुत्रा बांधणे धोक्याचे आहे. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले, की जीवाला धोका संभवतो. अशा वेळी साध्या पाण्याने अंग भिजवून, वारा घालून तातडीने पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते.

पिल्लाचे पहिले महिने :

कुत्र्याच्या स्वभावावर संगोपनाचा सर्वाधिक ठसा उमटतो, तो काळ फार अल्प आहे. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेत दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. त्यांच्या मते तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ असतो. या काळात पिल्लाने ज्यांना निर्भयपणे पाहिले, ऐकले, हुंगले, त्यांना ते पुढे आपले मानते. ज्यांचा परिचय झाला नाही, त्यांची त्याला भीती वाटते आणि कुत्र्याच्या चावण्यामागे बहुधा हीच भीती असते.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पिल्लू आईपासून फार लवकर तोडू नये. भावंडांशी खेळतानाच त्याला चाव्याचा जोर आवरता येऊ लागतो. श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनीही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री निषिद्ध ठरवली आहे. दुसरे असे, की लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच कोंडून ठेवल्यास हा बहुमोल काळ वाया जातो. त्याला कडेवर घेऊन बाजार, एस. टी. चा आवाज, शाळकरी मुले, टोपी घातलेली वा काठी टेकत चालणारी माणसे, गायीगुरे हे सारे दुरून दाखवावे. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपर व पार्व्होची लस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि नियमित जंतनाशक हा क्रम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाळावा. केवळ दूध-पोळीवर पिल्लाचे पोषण होत नाही, आणि कांदा, मनुका व चॉकलेट त्याला विषारी ठरतात.

शिकवण्याची पद्धत :

ज्या वर्तनाचा परिणाम सुखद असतो ते वर्तन दृढ होते, हा थॉर्नडाइकचा परिणाम-नियम अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. पिल्लाचे शिक्षणही याच नियमाने होते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर पिल्लाला ठरावीक जागी न्यावे आणि तेथे विधी उरकताच लगेच कौतुक करून खाऊ द्यावा. घरात घाण केल्यावर त्यात नाक घासण्याची प्रथा निरुपयोगी आहे. काही मिनिटांपूर्वीच्या कृतीशी पिल्लू या शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही, त्याला केवळ माणसाच्या हाताची भीती वाटू लागते. 'ये', 'बस', 'थांब' हे शब्द घरातील सर्वांनी एकाच रीतीने वापरावेत आणि पाठ दोन-तीन मिनिटांचाच असावा. 'ये' म्हटल्यावर आलेल्या पिल्लाला कधीही रागावू नये. खेळताना दात लागल्यास खेळ तत्काळ थांबवावा, म्हणजे चावल्याने खेळ संपतो हे त्याला उमगते.

ब्रिटनमधील ३६४ श्वानपालकांच्या २००४ मधील पाहणीत बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री अधिक आज्ञाधारक, तर शिक्षेचा वापर केलेल्या कुत्र्यांत समस्यात्मक वर्तन अधिक असल्याचे आढळले. दिवसभर साखळीला बांधून ठेवल्याने कुत्रा 'तेज' होतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. असा कुत्रा धीट नसून भयग्रस्त असतो. संकटापासून दूर जाण्याचा मार्गच साखळीने बंद केल्यावर त्याच्यापाशी चावा हा एकच उपाय उरतो.

सार्वजनिक आरोग्य आणि मेळघाट :

हा विषय घराच्या कुंपणाआड संपत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यामार्फत होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. जखमेवर तिखट, हळद किंवा चुना लावण्याची चाल घातक आहे. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस सुरू करणे हाच उपाय होय. जखम खोल वा रक्तस्रावी असल्यास लसीसोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदवली गेली. हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडलेले पाळीव कुत्रे या संख्येत भरच घालतात. नसबंदी व लसीकरणाची चौकट २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घालून दिली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके आदी ठिकाणांहून भटकी कुत्री हटवून निवारागृहात ठेवण्याचे व परिसर सुरक्षित करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे हा प्रश्न महाविद्यालयांच्याही दारी आला आहे.

अचलपूर हे मेळघाटच्या पायथ्याचे शहर असल्याने येथे आणखी एक बाजू आहे. डिस्टेंपर हा विषाणू पाळीव कुत्र्यांकडून वन्य मांसभक्षकांकडे जाऊ शकतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह या रोगाच्या साथीत मृत्युमुखी पडले आणि २०१८ मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंमागेही तो आढळला. मेळघाटच्या वाटेवरील गावांत कुत्र्यांना दिलेली लस वाघ, बिबट व रानकुत्र्यांचेही रक्षण करते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या मानाने सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता. जंगलालगत रात्री अंगणात बांधलेला कुत्रा राखणदार न ठरता बिबट्याला वस्तीत येण्याचे निमंत्रण ठरू शकतो. त्याला बंदिस्त जागी ठेवणे हिताचे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की जात कुत्र्याचे शरीर व कल ठरवते, परंतु तो माणसांत कसा वागेल हे मुख्यतः त्याचे पहिले काही महिने आणि त्याला शिकवणारे हात ठरवतात. वऱ्हाडच्या उन्हाला, येथील रोगांना आणि येथील माणसांना सरावलेला गावठी कुत्रा योग्य संगोपन मिळाल्यास कोणत्याही महागड्या जातीपेक्षा उणा नाही. महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून लसीकरण, चाव्यानंतरचे प्रथमोपचार आणि कुत्र्याची देहबोली ओळखणे हे विषय गावागावांत नेता येतील. ताठ उभारलेले शेपूट सावध राहण्याची सूचना देते, पोटाखाली घातलेले शेपूट भीती सांगते आणि संपूर्ण अंगासह सैलपणे हलणारे शेपूट स्वागत करते. ते सरळ करण्याचा खटाटोप कोणी करावा, अशी कुत्र्याची अपेक्षा नसते. ते काय सांगते, एवढे घरातील लहान मुलालाही वाचता आले, तर चाव्याचे कितीतरी प्रसंग टळतील.